‘एकच चप्पल’ आणि अठ्ठावन्न मार्क

माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी ऑफिसात, घरात, एकदा तर दाताच्या डॉक्टरसमोर तोंडात कापूस असतानाही मांडलेलं आहे, की संगीत १९९४ साली सुरू झालं आणि १९९७ साली संपलं. त्याआधी झाली ती तयारी, आणि नंतर चाललाय तो नुसता आवाज. ती वर्षं ज्यांनी मनिलात काढली त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. गल्लोगल्ली बँड होते. ज्याला तीन सूर यायचे तो गिटार घ्यायचा, दोन यायचे तो बेस घ्यायचा, आणि एकही येत नसला की ड्रमवर बसायचा. खांद्यापर्यंत केस, अंगात थोरल्या भावाचा चौकडीचा शर्ट आणि तोंडावर साऱ्या जगाचा कंटाळा. या रॉकला आम्ही ‘अल्टरनेटिव्ह’ म्हणायचो. कशाला अल्टरनेटिव्ह, हे आम्हाला कोणी विचारलं नाही म्हणून बरं, कारण आम्हालाही ठाऊक नव्हतं.

त्या सगळ्यांत माझा बँड म्हणजे ‘सिरांग पायोंग’, मोडकी छत्री. त्यांची एकच कॅसेट निघाली आणि तिच्यातलं एकच गाणं रेडिओवर गाजलं: ‘एकच चप्पल’. पुरात एका पोराची एक चप्पल वाहून जाते, दुसरी हातात धरून तो मुलीच्या दारात उभा राहतो, आणि ती म्हणते, आधी पाय धू. संपलं गाणं. पण मी मारिकिनाचा. कमरेएवढ्या पाण्यातून पुस्तकं डोक्यावर घेऊन कॉलेजला जाणारा. मला ते ऐकून रडू फुटायचं, आणि खोटं कशाला बोलू, अजून फुटतं. माझी मुलगी ट्रिशा सतरा वर्षांची आहे. ती म्हणते, “पापा, हे चपलेचं गाणं आहे.” मी म्हणतो, “बाळ, तुला नाही कळायचं ते.” ती म्हणते, “पण चप्पलच आहे ना?” आता असल्या पिढीशी काय डोकं फोडायचं!

तर यंदा मला पन्नास पूर्ण व्हायची होती. आमच्याकडे वाढदिवस ज्याचा असतो त्यानेच गावाला जेवू घालायचं असतं. नूडल्स, आख्खं भाजलेलं डुक्कर, गोड स्पॅगेटी, आणि या सगळ्याच्या डोक्यावर व्हिडिओके. पडद्यावर गाण्याचे शब्द उमटतात, मागे कुठल्या तरी परदेशी डोंगरावरचं बर्फ दिसतं, आपण माइक धरून बेंबीच्या देठापासून ओरडायचं आणि शेवटी तुतारी वाजवून मशीन शंभरपैकी मार्क देतं. संगीताला मार्क! उद्या नमाजाला आणि प्रार्थनेलाही देतील.

हे मशीन आमच्या शेजारच्या आलिंग पासिंगच्या मालकीचं. बाई अडुसष्ट वर्षांची, विधवा, सकाळी पुतो, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या वड्या, विकते आणि दहा वाजता टोपली रिकामी झाली की माइक हातात घेते. तिची नि माझी भिंत एक. गेली बावीस वर्षं सुट्टीच्या दिवशी मी तिच्या प्रेमगीतांवर रेडिओ मोठा करून दाढी करतोय. पंच्याण्णवच्या खाली तिला कधी मार्क पडलेले नाहीत, आणि हे ती मला रोज सांगते.

“माझ्या पन्नाशीला व्हिडिओके नाही,” मी जाहीर केलं. “बोयेट मॅग्लाया गाणार. सिरांग पायोंगचा बोयेट मॅग्लाया. स्वतः!”

माझी बायको मायलीन भाजी निवडत होती. “तो आहे का अजून?” तिने विचारलं.

होता! आणि मलाच सापडला होता. महिन्यापूर्वी काइंतात मेहुण्याकडे गेलो तर त्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या जारवर दुकानाचं स्टिकर. त्यावर दोन काड्या बाहेर आलेली छत्री. विमा कंपनीत सव्वीस वर्षं मी लोकांच्या सह्या तपासून दावे फेटाळतोय, रेघ ओळखण्यात माझी चूक होत नाही. कॅसेटच्या कव्हरवरचीच छत्री ती. दुसऱ्या दिवशी आजारपणाची रजा टाकून मी त्या दुकानात हजर.

आत एक पोट सुटलेला, टक्कल पडलेला गृहस्थ निळे जार धूत बसला होता.

“बोयेट मॅग्लाया?” मी विचारलं.

“तो माझा चुलतभाऊ,” तो म्हणाला. “कॅनडात असतो.”

मी खिशातून कॅसेट काढून त्याच्यासमोर धरली. त्याने हात पुसले, ती घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. “किती झिजवलीत हो ही!” तो म्हणाला.

“ही तिसरी आहे.”

यावर चुलतभाऊ कॅनडाहून परत आला. पण गायची गोष्ट काढताच त्याने मान हलवली आणि मोटर बघायला आत निघून गेला. मी पाय ओढत रिक्षाकडे निघालो, तर मागून त्याची बायको चप्पल फटफटवत धावत आली. नेरिसा तिचं नाव.

“कुया, दादा, जरा ऐका. नव्याण्णव साली एका जत्रेत हे गायला उभे राहिले. समोर अकरा माणसं आणि एक कुत्रा. त्यातला एक ओरडला, हे बंद करा नि नाचाची गाणी लावा. त्या दिवशी गिटार कपाटावर गेली. तेव्हापासून हा माणूस न्हाणीघरातसुद्धा गुणगुणत नाही. लेकीच्या अठराव्या वाढदिवसाला बापाने गायचं असतं, तर हे पंप दुरुस्त करत बसले. लेक रडली. तुम्ही फक्त एक गाणं त्यांच्या तोंडून काढा. मी जन्मभर तुम्हाला फुकट पाणी पाठवीन.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जारमधलं नव्हे, खरं. मी परत आत गेलो आणि तासभर त्या माणसाच्या मागे लागलो. शेवटी तो वैतागून म्हणाला, “हे बघा. दहा माणसं, जास्त नाही. स्टेज नाही. फलक नाही. आणि हे अमुकतमुक म्हणून माझी ओळख करून द्यायची नाही. मी जेवायला येईन. वाटलं तर गाईन.”

“शब्द दिला,” मी म्हणालो आणि चारही अटींवर हात मिळवला. नीट लक्षात ठेवा, चार अटी.

आता दहा माणसांपुढे एक माणूस गाणार, यात गुंतागुंत व्हायला जागाच कुठे आहे? पण आमच्या गल्लीत लोलो तेरोय, म्हणजे तेरोय आजोबा, राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त वाहतूक पोलीस. निवृत्त झाल्यापासून रहदारी उरली नाही म्हणून ते शेजाऱ्यांना दिशा दाखवतात. मी ऑफिसातल्या दोघा पोरांना ड्रम आणि बेस वाजवायला बोलावलंय हे कळताच ते फाटकाशी आले.

“ड्रम म्हणजे बँड,” ते म्हणाले. “बँड म्हणजे परवाना. परवाना नसला की पंचनामा. माझं ऐक, बारांगायच्या, आपल्या वॉर्डाच्या, कचेरीत जा. पाच मिनिटांचं काम आहे.”

पाच मिनिटांचं काम! या माणसाने आयुष्यभर चौकात उभं राहून गाड्या कशा थांबवल्या असतील याची मला तेव्हा कल्पना आली.

कचेरीत मिस दिविना नावाच्या बाई बसतात. भल्या बाई आहेत. त्यांनी अर्ज दिला आणि बोट ठेवून दाखवलं. “इथे खूण करा सर. कलाकार: हौशी, प्रसिद्ध, की अतिशय प्रसिद्ध. तुम्ही आपलं ‘हौशी’वर करा. आजच्या आज परवाना देते. हौशी माणसाला गर्दी होत नाही ना, म्हणून कोणाची सही लागत नाही.”

मी पेन उचललं. आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. बोयेट मॅग्लाया हौशी? ज्याच्या गाण्यावर मी कॉलेजची चार वर्षं काढली, पहिला प्रेमभंग निभावला, दुसरा मुद्दाम ओढवून घेतला, तो हौशी?

“बाई,” मी म्हणालो, “हे खोटं होईल.”

“सर, कोणाला कळतंय?”

“मला कळतंय!” असं म्हणून मी ‘अतिशय प्रसिद्ध’वर इतक्या जोरात खूण केली की खालच्या कार्बनसकट टेबलावर उठली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण अतिशय प्रसिद्ध कलाकार म्हटल्यावर अर्जाला पुरवणी लागली. अग्निशमन दलाचं पत्र. रुग्णवाहिका किती मिनिटांत येईल त्याचा नकाशा. कलाकाराचा फोटो, म्हणून मी कॅसेटच्या कव्हरची झेरॉक्स जोडली. तिच्यात केसांमागून बोयेटचं अर्धं नाक दिसतं. आणि पन्नास मीटरच्या आतल्या प्रत्येक घराची ना-हरकत सही.

आता आमच्या गल्लीत पन्नास मीटरमध्ये बेचाळीस घरं आहेत. आणि आमच्याकडची रीत अशी की ज्याच्या दारात तुम्ही वाढदिवसासाठी सही मागायला जाल, त्याला “मग या हं जेवायला” म्हटल्याशिवाय पाय निघत नाही. सही मागायची आणि जेवायला बोलवायचं नाही, म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखंच. मी पहिल्या घरी ओठ घट्ट मिटून गप्प राहायचं ठरवलं. त्या बाईंनी सही केली, माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाची टिकटिक ऐकू आली. “या हं जेवायला,” मी म्हणालो. “सगळे या.” संध्याकाळपर्यंत मी एकशे ऐंशी माणसांना बोलावून बसलो होतो.

“डुकरं दोन लागतील,” मायलीन म्हणाली. एवढंच म्हणाली. वीस वर्षांच्या संसारात तिचं थोडक्यात बोलणं मला फार घाबरवतं.

एक अट गेली. पण अजून तीन होत्या, म्हणून मी मनाला समजावलं.

गुरुवारी कॅप्टन इलागान, म्हणजे आमच्या बारांगायचे प्रमुख, स्वतः घरी आले. निवडणूक तोंडावर होती. “अतिशय प्रसिद्ध गायक येतोय आणि मला पत्ता नाही?” त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “रोमेल, तू काही काळजी करू नको.” माझ्या अनुभवाने सांगतो, पुढाऱ्याने काळजी करू नको म्हटलं की त्या क्षणी कामाला लागावं. शनिवारी सकाळी माझ्या अंगणाच्या तोंडावर वीस फुटी फलक लागला होता. डाव्या अंगाला कॅप्टन हसताहेत, उजव्या अंगाला त्यांच्या पत्नी हसताहेत, मध्ये ‘आपले लाडके गायक यांचे हार्दिक स्वागत’, आणि खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत, बोयेटचं अर्धं नाक. फलकाखाली चार फळ्या ठोकून स्टेजही उभं राहिलं होतं.

मी शिडी आणायला धावलो. लोलो तेरोयनी वाट अडवली. “निवडणुकीच्या तोंडावर कॅप्टनच्या फोटोला हात लावणार तू? बायकोमुलं आहेत ना रे तुला?”

तीन अटी गेल्या. मी धडपडत कचेरीत गेलो, निदान परवाना तरी हातात पडावा म्हणून.

“सगळं झालंय सर,” मिस दिविना म्हणाल्या. “फक्त नगरपालिकेतल्या परवान्याच्या साहेबांची सही राहिलीय. साहेब बागिओला शिबिराला गेलेत, मंगळवारी येतील.”

“कसलं शिबिर?”

“कामाचा वेग कसा वाढवावा.”

मी खुर्चीत बसलो. “म्हणजे उद्या ड्रम नाही?”

“ड्रम नाही, गिटार नाही, अॅम्प्लिफायर नाही. फाटकावर पेटी वाजवलीत तरी मला लिहून घ्यावं लागेल.” मग त्यांना माझी दया आली. “व्हिडिओके लावा ना सर.”

“त्याला परवाना नको?”

“व्हिडिओकेला कसला परवाना? ते काय संगीत आहे का? घरगुती वस्तू आहे ती. फ्रिजला कधी परवाना काढलात?”

आयुष्यात पहिल्यांदा सरकारचं आणि माझं संगीताच्या बाबतीत एकमत झालं, आणि तेही अशा वेळी.

घरी येऊन मी नेरिसाला फोन लावला. सगळं सांगितलं, आणि म्हटलं, “त्यांना सांगा, येऊ नका. मी शब्द मोडला. मला तोंड दाखवायला जागा नाही.”

 पलीकडून ती हळूच म्हणाली, “कुया, तीन दिवस झाले, जार धुताना त्यांचे ओठ हलतात. आवाज नाही येत अजून. पण हलतात. आता शर्टाला इस्त्री करताहेत. मी नाही सांगणार. आम्ही येतोय.”

त्यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी बारापासून गल्ली फुलली. बेचाळीस घरं आली ती आलीच, शिवाय त्यांचे पाहुणे, आणि फलक वाचून आत शिरलेली वाटसरू मंडळी. परवाना नसल्यामुळे पोरांनी ड्रम परत नेला होता आणि आलिंग पासिंग ढकलगाडीवरून आपलं मशीन विजयी मुद्रेने माझ्या अंगणात घेऊन आली होती. “सांगितलं होतं ना तुला,” ती मला म्हणाली. काय सांगितलं होतं ते काही बोलली नाही, पण मला कळलं.

एक वाजता रिक्षातून बोयेट उतरला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेजारी नेरिसा. त्याने फलक पाहिला. स्टेज पाहिलं. गर्दी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.  आणि वळून परत रिक्षात पाय ठेवला.

मी तिथेच उभा.  नेरिसाने त्याची बाही धरली होती, तो सोडवत होता.

आणि त्याला अडवलं कोणी? आलिंग पासिंगने!

“ए, कुठे चाललात?” ती भरलेली ताटली घेऊन मध्ये आडवी आली. “वाढदिवसाच्या घरून कोणी उपाशी जातं का? चला, बसा. कोण हो तुम्ही?”

“मी... पाण्याचं दुकान आहे माझं,” बोयेट म्हणाला.

“अगंबाई, पाणीवाले! बरं झालं आलात. बसा इथे, सावली आहे.” आणि तिने त्याला दंडाला धरून बरोबर फलकाखाली नेऊन बसवलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वर फलकावर केसाळ अर्धं नाक आणि खाली हे टक्कल. गल्लीतल्या एकाही माणसाने त्याला ओळखलं नव्हतं! बोयेटच्याही ते ध्यानात आलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, एक सुस्कारा टाकला आणि डुकराची कुरकुरीत साल तोंडात टाकली.

मात्र माझी परवड आता सुरू झाली. जो तो विचारू लागला, “रोमेल, तुझा गायक कुठाय?” मी म्हणे, “येईल.” कॅप्टन घड्याळ बघायला लागले. लोलो तेरोय दर पाच मिनिटांनी गल्लीच्या तोंडाशी जाऊन रहदारी पाहून येत आणि मोठ्याने म्हणत, “नाही!” मला एक शब्द बोलायचा होता: तो काय, तुमच्या नाकासमोर बसलाय! पण चार अटींतली तीन मी पायदळी तुडवली होती. उरलेली एक तरी पाळावी, एवढी लाज माझ्यात शिल्लक होती.

कॅप्टनचं भाषण संपलं, दुसरं भाषणही संपलं. लोक चुळबुळायला लागले. शेवटी आलिंग पासिंग उठली. “गायक येईपर्यंत मी त्याचंच गाणं म्हणते,” म्हणाली, आणि पुस्तक न बघता मशीनवर पाच आकडे दाबले. पडद्यावर बर्फाचे डोंगर आले आणि वर अक्षरं उमटली: ‘एकच चप्पल’.

बोयेटचा चमचा हवेत थांबला.

“हे गाणं मशीनमध्ये आहे?” त्याने मला कुजबुजत विचारलं.

मला तरी काय माहीत! बावीस वर्षं तिने माइक हातात घेतला की मी रेडिओ मोठा करत आलो होतो. आणि ही बाई ‘एकच चप्पल’ गात होती, एकेक शब्द तोंडपाठ. पोरं तिच्याबरोबर गात होती. मिस दिविना गात होत्या. कॅप्टनची बायको डोळे मिटून गात होती. गाणं संपलं, तुतारी वाजली, शहाण्णव मार्क. टाळ्यांचा पाऊस.

“दुसरं कडवं चुकलं,” बोयेट म्हणाला. स्वतःशीच म्हणाला, पण आलिंग पासिंगच्या कानांना काही कमी ऐकू येत नाही.

“काय म्हणालात?”

“तिथे थांबायचं असतं. ‘आधी पाय धू’च्या आधी. तुम्ही थांबला नाहीत.”

“अस्सं?” तिने पदर खोचावा तशा ब्लाउजच्या बाह्या वर केल्या आणि माइक त्याच्यापुढे धरला. “या मग. दाखवा थांबून!”

सगळी गल्ली “हो हो हो” करायला लागली.  नेरिसाने दोन्ही हातांनी स्पॅगेटीची ताटली घट्ट धरली होती. बोयेट माइककडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा लाल झाला, तोच राग, चौकडीच्या शर्टातला, मी कॉलेजात असताना स्टेजवर पाहिलेला. तो उठला.

पहिली ओळ फुटलीच नाही. दुसरी घोगरी निघाली. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला आणि पोरं फिदीफिदी हसली. पण माणूस थांबला नाही. चोवीस, पंचवीस वर्षांचा गंज खरवडत तो पुढे गेला, आणि दुसऱ्या कडव्याला, ‘आधी पाय धू’च्या आधी, थांबला. किती थांबला! अख्ख्या गल्लीने श्वास धरला. मी विमा कंपनीतला माणूस, पन्नास वर्षांचा, सर्वांदेखत नाक पुसत होतो.

गाणं संपलं. तुतारी वाजली. अठ्ठावन्न मार्क.

हसून हसून लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. “मशीन बिघडलंय,” बोयेट म्हणाला.

“नाचता येईना, अंगण वाकडं!” आलिंग पासिंग म्हणाली. पण मग तिचा सूर मऊ झाला. “आवाज बरा आहे हो तुमचा. खरंच बरा आहे. पण गाणं तुम्हाला येत नाही. असं बघा, मशीन थांबत नाही, तर आपण कशाला थांबायचं? मी वीस वर्षं म्हणतेय हे. नवरा गेला त्या वर्षी रोज म्हटलं. माझ्या नवऱ्याची चप्पल दाराशी होती ना, म्हणून. या, माझ्या मागून म्हणा.”

मला राहवेना. मी उठलो, तोंड उघडलं, “आलिंग पासिंग, अहो हे कोण आहेत...”

बोयेटने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि मी म्हणालो, “...हे कोण आहेत, पाहुणे आहेत, जरा सांभाळून शिकवा.” आणि खाली बसलो.

“शिकवा,” बोयेट तिला म्हणाला. “मला शिकायचंय.” त्याचे डोळे भरून आले होते. “इतकी माणसं हे म्हणतात, मला ठाऊकच नव्हतं.”

दुसऱ्यांदा त्रेसष्ट पडले. तिसऱ्यांदा एकाहत्तर. त्यानंतर त्याने इतर लोकांची गाणी सुरू केली, माइक सोडेचना. नेरिसा स्पॅगेटीत मान घालून रडत होती आणि मायलीन तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. ट्रिशा माझ्याजवळ आली. तिने फलकावरचं नाक पाहिलं, मग माइकवाल्याचं नाक पाहिलं.

“पापा,” ती हळूच म्हणाली, “हा पाणीवाला...”

“गप्प बस.”

“मी कुठे काय म्हणाले?” असं म्हणून ती त्याच्यासाठी थंड पाणी आणायला धावली. ही मुलगी माझ्यासाठी कधी पाणी आणायला धावलेली नाही.

साडेपाचला कॅप्टन उठले. त्यांचा चेहरा फलकावरच्यासारखा राहिला नव्हता. “रोमेल,” ते सगळ्यांसमोर म्हणाले, “कुठाय तुझा अतिशय प्रसिद्ध गायक?”

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. बोयेट गाण्यांचं पुस्तक चाळत होता. त्याचं बोट एका पानावर थांबलं होतं आणि तो वर बघत नव्हता.

“नाही आला, कॅप्टन.”

“येणार तरी होता का?”

“नव्हता,” मी म्हणालो. “मी थाप मारली.”

“मला पहिल्या दिवसापासून संशय होता,” लोलो तेरोय म्हणाले. मिस दिविनांनी दुःखाने मान हलवली. कोणीतरी शिट्टी घातली, कोणीतरी “थापाड्या!” म्हणून ओरडलं, आणि पन्नासाव्या वाढदिवशी भर अंगणात माझी जी काही इभ्रत होती ती दोन डुकरांच्या हाडांबरोबर उचलली गेली. जाताना नेरिसाने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडायलाच तयार होईना.

या गोष्टीला आता चार महिने झाले. दर रविवारी तीनच्या सुमाराला बोयेट जारची गाडी लावून आलिंग पासिंगकडे शिकवणीला येतो. ती त्याला घोड्यासारखं राबवते. चौऱ्याऐंशीपर्यंत पोचलाय, आणि वर्षभर अशीच मेहनत घेतली तर गावच्या जत्रेतल्या स्पर्धेत उतरवीन, असं तिने त्याला कबूल केलंय. गेल्या महिन्यात त्याने लेकीला फोनवर गाऊन दाखवलं म्हणे. गल्लीत मला अजून थापाड्याच म्हणतात, कचेरीत माझा अर्ज आला की मिस दिविना दोनदा वाचतात. म्हणोत बापडे. रविवारी दुपारी भिंतीपलीकडे खुद्द बोयेट मॅग्लाया गात असतो, आणि अलीकडे मी बनियनवर, पाय भिंतीला लावून, रेडिओ बंद करून ऐकत पडलेला असतो.